शब्दांचा पारखी : माधव ज्यूलियन

आईच्या मायेची थोरवी गाणारे एक गीत महाराष्ट्रातील असंख्य घरांत ऐकू येते. लता मंगेशकरांच्या आवाजात ते ऐकताना लहानथोरांचे डोळे ओलावतात. मायबोली मराठीचा अभिमान जागविणारी एक कविताही अनेक शाळांतील मुले पिढ्यान् पिढ्या एका सुरात म्हणत आली आहेत. ही दोन्ही काव्ये एकाच कवीची आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की मराठीचा हा अभिमानी कवी महाविद्यालयात मराठी शिकविण्यासाठी नेमलेला नव्हता. तो होता फारसी भाषेचा प्राध्यापक. त्यांचे नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. काव्यरसिक त्यांना माधव ज्यूलियन या नावाने ओळखतात. ज्यूलियन हे नाव त्यांनी पाश्चात्त्य वाङ्मयातून उचलले आणि आपल्या नावाला जोडले.

माधवरावांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. बडोदे ही गायकवाडांची राजधानी. राज्य मराठ्यांचे, पण आसपासची वस्ती गुजराती बोलणारी. अशा नगरात वाढणाऱ्या मुलाच्या कानांवर लहानपणापासून एकाहून अधिक भाषा पडत. भाषांची गोडी त्यांना लागली ती कायमचीच. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांसाठी त्यांनी फारसी आणि इंग्रजी हे विषय घेतले. एम्. ए. झाल्यावर १९१८ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकवू लागले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

पुण्यात त्या काळी संस्कृतचा अभ्यास करणारे पुष्कळ होते. फारसीकडे वळणारे त्या मानाने थोडे. फारसीची लिपी उजवीकडून डावीकडे लिहावयाची. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहावयाचेच नाहीत. वाचणाऱ्याने ते संदर्भाने ओळखावयाचे. सादी, हाफिज, उमर खय्याम यांच्यासारख्या कवींची कविता समजावयाची, तर एकेका शब्दापाशी थांबून त्याचे मूळ, त्याचा अर्थ आणि त्याचा नाद यांचा विचार करावा लागे. हा विचार विद्यार्थ्यांपुढे मांडावयाचा, हे माधवरावांचे नित्याचे काम होते. वर्गातली ही शब्द पारखण्याची सवय पुढे त्यांच्या साऱ्या लेखनात उतरली.

फारसी ही मराठी माणसाला वाटते तितकी परकी भाषा नाही. शाळेत आपण कागद घेतो, पूर्वी दौतीत शाई भरत असू; गुरुजी मुलांची हजेरी घेतात आणि चांगले उत्तर आले, की शाबास म्हणतात. कागद, दौत, शाई, हजेरी आणि शाबास हे पाचही शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत. कित्येक शतके दक्षिणेतील दरबारांचा कारभार फारसीत चालत असे. त्यामुळे जमीन, बाजार, फौज, किल्ला, दरवाजा असे शेकडो शब्द मराठीत रुळले. मराठ्यांच्या इतिहासाची जुनी पत्रे वाचावयास घेतली, तर ओळीओळीला असे शब्द भेटतात. त्यांतील कित्येकांचे अर्थ काळाच्या ओघात लोक विसरून गेले होते. अर्थ कळल्यावाचून पत्र कळावयाचे नाही, आणि पत्र कळल्यावाचून इतिहास उलगडावयाचा नाही.

ही अडचण दूर व्हावी म्हणून माधवरावांनी फारसी-मराठी कोश तयार केला. शब्दकोश रचणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. एकेक शब्द टिपावयाचा, त्याचे मूळ रूप शोधावयाचे, त्याचे निरनिराळे अर्थ निवडून घ्यावयाचे, आणि मग हजारो शब्द अनुक्रमाने लावावयाचे. एक चूक राहिली, तर तीच पुढे शंभर अभ्यासकांच्या लेखनात शिरते. असे काम करणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. तरीही माधवरावांनी ते पार पाडले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने तो कोश १९२५ साली प्रसिद्ध केला.

दिवस अध्यापनात आणि अभ्यासात जाई. पण माधवरावांचे मन कवितेत रमलेले असे. पुण्यात त्यांच्यासारखीच काव्याची ओढ असलेली काही तरुण मंडळी होती. यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे आणि त्यांच्या पत्नी मनोरमाबाई, विठ्ठल दत्तात्रेय घाटे हे त्यांपैकी होत. ही मंडळी रविवारी एकत्र जमत. चहा होई आणि चहाबरोबर कविताही होई. नवी कविता मित्रांपुढे वाचावयाची, आणि मित्रांनी ती ऐकून गुणदोष सांगावयाचे, अशी ही बैठक असे. या रविवारच्या बैठकींतून १९२३ साली रविकिरण मंडळाचा उदय झाला. त्याच वर्षी ‘किरण’ हा मंडळाचा पहिला संग्रह निघाला.

त्या आधी कविता बहुधा मासिकांच्या पानांतच राही. रविकिरण मंडळाच्या कवींनी ती लोकांपुढे नेली. ते सभांतून आपल्या कविता चालीवर म्हणून दाखवीत. ऐकणारे लोक त्या कविता गुणगुणतच घरी जात. या कवींवर सारेच प्रसन्न होते, असे मात्र नाही. आचार्य अत्रे यांनी ‘झेंडूची फुले’ या पुस्तकात त्या काळच्या कवींच्या लकबींची खुसखुशीत थट्टा केली, आणि तीतून रविकिरण मंडळातील कवीही सुटले नाहीत. महाराष्ट्र त्या थट्टेने पोट धरून हसला. परंतु हसता हसता त्याने कविताही जपल्या.

मंडळाचा असा बोलबाला होत असतानाच माधवरावांवर संकट आले. काही अप्रिय घटनांमुळे १९२४ साली त्यांना फर्ग्युसन महाविद्यालय सोडावे लागले. आवडते काम गेले आणि लोकांत नाना प्रकारची चर्चा सुरू झाली. महाविद्यालयात पुन्हा स्थिर जागा मिळेपर्यंत सुमारे चार वर्षे लोटली. अशा वेळी एखादा मनुष्य खचून गेला असता. माधवरावांनी आपली लेखणी खाली ठेवली नाही. १९२५ साली त्यांचा कोश प्रसिद्ध झाला. १९२६ साली ‘विरहतरंग’ हे खंडकाव्य बाहेर पडले. १९२७ साली ‘छंदोरचना’ हा ग्रंथ आला. आयुष्यातील कठीण वर्षे त्यांच्या ग्रंथांच्या यादीत अशी भरलेली दिसतात.

‘छंदोरचना’ हा माधवरावांच्या विद्वत्तेचा कळस होय. कवितेला चाल कशामुळे येते, हा त्या ग्रंथाचा विषय आहे. तो थोडक्यात समजून घेण्याजोगा आहे. ज्या अक्षराच्या उच्चाराला थोडा वेळ लागतो, ते लघु. ज्याला अधिक वेळ लागतो, ते गुरू. लघूची मात्रा एक आणि गुरूच्या मात्रा दोन मोजतात. ‘कमळ’ या शब्दातील तिन्ही अक्षरे लघु आहेत, म्हणून त्याच्या मात्रा तीन. ‘राजा’ या शब्दात अक्षरे दोनच, पण दोन्ही गुरू. म्हणून त्याच्या मात्रा चार. अक्षरे कमी आणि मात्रा अधिक, असा हा गमतीचा हिशेब असतो.

मराठी कवींनी शतकानुशतके केलेली रचना माधवरावांनी या दृष्टीने तपासली. ओवी आणि अभंग यांत अक्षरांची संख्या पाहतात. ते अक्षर लघु की गुरू, याकडे लक्ष देत नाहीत. अशा रचनेला त्यांनी छंद म्हटले. काही रचनांत लघु आणि गुरू अक्षरांचा क्रमच ठरलेला असतो; ती वृत्ते. आणि काही रचनांत अक्षरे कितीही असली, तरी मात्रांची बेरीज ठरलेली असते, त्या जाती. छंद, वृत्त आणि जाती अशी ही तीन दालने त्यांनी स्पष्टपणे वेगळी केली आणि मराठीतील नानाविध रचना त्यांत लावून दाखविल्या. संतांचे अभंग, पंडित कवींचे श्लोक आणि आपल्या पिढीतील कवींची गीते त्यांनी सारख्याच कसोटीवर घासून पाहिली. एवढे करूनही त्यांचे समाधान झाले नाही. पहिल्या आवृत्तीतील उणिवा शोधून त्यांनी दहा वर्षांनी, १९३७ साली, त्या ग्रंथाची वाढविलेली आवृत्ती काढली. या संशोधनाबद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी वाङ्मयातील संशोधनासाठी दिली गेलेली ती पहिली डी. लिट्. होती.

१९२८ साली माधवराव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. कोल्हापूर हे तेव्हा संस्थान होते. महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण हे इतिहासाचे जाणते अभ्यासक होते, आणि प्रसिद्ध कादंबरीकार ना. सी. फडके हेही तेथेच शिकवीत असत. याच सुमारास लीलाबाईंशी माधवरावांचा संसार सुरू झाला. तो अकरा वर्षे चालला. पतीच्या निधनानंतर लीलाबाईंनी त्या दिवसांच्या आठवणी लिहून काढल्या आणि पुस्तकाला ‘आमची अकरा वर्षे’ असे नाव दिले. विद्वान म्हणून जगाला ठाऊक असलेला पुरुष आपल्या घरात कसा होता, हे सांगणारे ते पुस्तक मराठीतील आत्मपर लेखनात मानाचे स्थान मिळवून आहे.

कोल्हापूरच्या या अकरा वर्षांत माधवरावांच्या हातून विपुल लेखन झाले. उमर खय्याम या कवीच्या रुबायांना तेव्हा जगभर कीर्ती लाभली होती. पण मराठी वाचकांना त्या इंग्रजीच्या वाटेनेच ठाऊक होत्या. रुबाई म्हणजे चार ओळींची कविता. माधवरावांनी मूळ फारसी रुबाया वाचून त्या मराठीत आणल्या. हे पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध झाले. १९३३ साली ‘गज्जलांजलि’ हा संग्रह निघाला. फारसी गझलांच्या वृत्तांत मराठी कविता किती डौलाने चालू शकते, हे त्यातून दिसून आले. १९३६ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. बारा वर्षांपूर्वी ज्यांना काम सोडावे लागले होते, त्यांनाच महाराष्ट्राने हा मान दिला.

माधवरावांच्या आयुष्यातील खरी कसोटीची गोष्ट मात्र पुढेच आहे. त्यांच्या आरंभीच्या कवितेत फारसी शब्द सढळ हाताने आलेले असत. ज्या भाषेत ते नित्य बुडालेले, तिचे शब्द त्यांच्या लेखणीतून आपोआप उतरत. त्या शब्दांनी त्यांच्या कवितेला एक वेगळाच रंग आला होता. याच काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ सुरू केली. आपल्या भाषेत योग्य शब्द असताना किंवा तो नव्याने घडविता येत असताना परका शब्द का वापरावा, असा त्या चळवळीचा प्रश्न होता. तारीख या शब्दासाठी दिनांक, नंबर या शब्दासाठी क्रमांक असे शब्द त्या चळवळीने पुढे आणले. छत्रपती शिवाजी महाराजांनीही राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करविला होता. तोच वारसा आपण चालवीत आहोत, अशी या चळवळीची भावना होती.

माधवरावांनी या प्रश्नाचा विचार केला आणि त्यांचे मत पालटले. ते भाषाशुद्धीचे पुरस्कर्ते झाले. जो मनुष्य फारसी शिकवून पोट भरतो, ज्याने फारसीचा कोश रचला, ज्याच्या कवितेची शोभा फारसी शब्दांनी वाढविली, त्यानेच त्या शब्दांना निरोप द्यावा, हे लोकांना चमत्कारिक वाटले. पण दुसऱ्यांना उपदेश करून माधवराव थांबले नाहीत. आपल्या पूर्वीच्या रचना त्यांनी पुन्हा हाती घेतल्या आणि त्यांतील परके शब्द बदलले. १९३८ साली त्यांनी ‘भाषाशुद्धि-विवेक’ हा ग्रंथ लिहून आपली भूमिका सविस्तर मांडली.

लोकांच्या ओठांवर बसलेली ओळ बदलणे कवीला सोपे नसते. एक शब्द काढला, की त्याच्या लघु-गुरूंची जागा रिकामी होते. तेथे बसणारा दुसरा शब्द अर्थाने जुळावा लागतो, मापाने जुळावा लागतो आणि नादानेही शोभावा लागतो. तसा शब्द दर वेळी मिळतोच, असे नाही. म्हणून माधवरावांचे हे करणे सर्वांना रुचले नाही. पहिल्या कवितेतील गोडवा बदललेल्या कवितेत कमी झाला, असे अनेक रसिकांचे मत पडले. परके शब्द किती घ्यावेत आणि किती टाळावेत, यावर मराठीत आजही वाद होतो. त्या वादात आपण कोणत्याही बाजूला असलो, तरी एक गोष्ट मान्य करावी लागते. माधवरावांनी आपल्या मताची किंमत स्वतःच्या कवितांनी मोजली.

शब्द गेले, तरी फारसीशी जडलेले एक नाते मात्र पुसले गेले नाही. ‘दुपारी’ हा साधा शब्द घ्यावा. त्यात पहिले अक्षर लघु आणि पुढची दोन गुरू आहेत. हाच शब्द चार वेळा सलग म्हटला, की जी चाल निघते, तिला भुजंगप्रयात म्हणतात. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. फारसीतील एक प्राचीन वृत्तही नेमके याच चालीचे आहे. फिर्दौसी या महाकवीने आपले ‘शाहनामा’ हे राजांचे महाकाव्य त्याच चालीत रचले. फक्त प्रत्येक चरणाच्या शेवटी एक अक्षर कमी ठेवले. शेकडो कोसांच्या अंतरावर आणि निरनिराळ्या शतकांत दोन भाषांतील कवींची पावले अशी एकाच तालावर पडली. फारसी शिकविणाऱ्या आणि मराठी वृत्ते मोजणाऱ्या माधवरावांना या दोन्ही वाटा परिचयाच्या होत्या. मायबोलीचा अभिमान गाणारी त्यांची ती प्रसिद्ध कविता याच भुजंगप्रयात वृत्तात आहे.

ती कविता लिहिली गेली, तेव्हा मराठी ही राजभाषा नव्हती. वरच्या दर्जाचा कारभार इंग्रजीत चाले, आणि मराठी बोलणारा मुलूख निरनिराळ्या प्रांतांत व संस्थानांत विभागलेला होता. मराठीला थोर पदवीस पोहोचविण्याचा निर्धार कवीने त्या कवितेत केला. परंतु ते दिवस पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, माधवरावांचे निधन झाले. डी. लिट्. पदवी मिळून तेव्हा एक वर्षही पुरते झाले नव्हते. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात तिचे हक्काचे स्थान मिळाले.

माधवरावांनी मराठीत रुजविलेले गझलेचे रोपही पुढे वाढले. सुरेश भट आणि त्यांच्यानंतरच्या कवींनी ते बहरास आणले. कवितेचा अभ्यास करणारे आजही वृत्तासंबंधी शंका आली, म्हणजे ‘छंदोरचना’ उघडतात. आणि शाळेच्या प्रांगणात मुले मायबोलीची ती कविता म्हणू लागली, की एक लघु, दोन गुरू, पुन्हा एक लघु, दोन गुरू, असा तोच ताल ऐकू येतो.